उसना आवाज

पडद्यावर एक ओळ आली आणि दोन वर्षं जमवलेली माझी माणसं एका क्षणात मुकी झाली. ‘येत्या महिन्याचा उपक्रम : ओळखा पाहू आवाज! प्रत्येकानं आपल्याच लेखनातला एक उतारा वाचून, ध्वनिमुद्रित करून पाठवायचा. नावं न देता सगळे आवाज इथे चढवले जातील. कोणता कोणाचा, ते बाकीच्यांनी ओळखायचं.’ शेवटी एक पिवळा हसरा चेहरा. इतकं निर्लज्ज हसणारं माणूस मी हिंगोलीतही पाहिलेलं नाही, आणि हिंगोलीत मी एकोणीसशे ब्याण्णवपासून अर्थशास्त्र शिकवतो. मराठी माणसांचं हे एक संकेतस्थळ होतं. जगभर विखुरलेली मराठी माणसं तिथं जमायची आणि आपण जगभर विखुरलो आहोत हे एकमेकांना सांगायची. मी ते बसस्टँडच्या मागं, रसवंतीच्या वरच्या माडीवर बसून वाचायचो. तिथं प्रज्ञेशचं इंटरनेटचं दुकान होतं. प्रज्ञेश माझा जुना विद्यार्थी. माझ्या विषयात नापास होऊन संगणकाकडे वळला आणि सुखी झाला. भारनियमनाच्या काळात त्याच्या बॅटरीवर दोनच पडदे चालायचे. त्यातला एक तो माझ्यासाठी राखून ठेवायचा. हा आदर होता की त्याच्या नापासीचा सूड, हे मला कधी कळलं नाही. ‘सर, ओठ हालून राहिले तुमचे,’ तो मागून म्हणाला. माझे ओठ हलत होते हे खरं होतं. तिथली माणसं मी मनात वाचत नसे, त्यांच्या त्यांच्या आवाजात वाचत असे.

ते आवाज अर्थात मी दिलेले होते. माणूस कितीही लांबचा असो, त्याच्यासाठी आवाज आपल्याच घरातून काढावा लागतो. ‘निवांत’ नावाचे एक गृहस्थ कोथरूडला राहत आणि निवृत्त इंजिनियर असल्यामुळं अन्नावर लिहीत. त्यांना मी परभणी केंद्रावरून बाजारभाव सांगणाऱ्याचा आवाज दिला होता. ‘आमच्या लहानपणी श्रीखंड म्हणजे श्रीखंड होतं’ हे वाक्य मी हरभऱ्याच्या आवकेच्या चालीत ऐकायचो, की श्रीखंडाचा भाव आपोआप पडायचा. न्यू जर्सीला एक ‘ओलसर माती’ होती. ती तिकडच्या फ्रीजसमोर उभी राहून इकडच्या अंगणासाठी रडायची. तिला मी तिसरीला शिकवणाऱ्या सुमनबाईंचा आवाज दिला होता. सुमनबाई तपकीर ओढत आणि ‘म’ला ‘ब’ म्हणत, त्यामुळं न्यू जर्सीतलं सगळं दुःख मला सर्दीसारखं ऐकू येई. असे वीसेक जण होते. कोणी आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीच्या आवाजात कविता म्हणे, कोणी बसस्टँडवर ‘वाशिमकडे जाणारी’ म्हणणाऱ्या कंट्रोलरच्या आवाजात अस्तित्वाविषयी बोले. जगातलं सगळं सुसंस्कृत मराठी, हिंगोलीच्या घशातून. माझी एवढीच करमणूक होती आणि ती मला पुरत होती.

एकटी ‘सांजवात’ त्यातून सुटली होती. हे नाव तिनं का घेतलं असेल याचा विचार मी पहिले सहा महिने तुच्छतेनं केला आणि पुढं सोडून दिला, कारण त्या सबंध गर्दीत माझे विनोद तिलाच समजत. मी काही बोचरं लिहिलं की बाकीचे ‘छान!’ म्हणत. ती मात्र नेमकं ज्या शब्दात टाचणी ठेवलेली असे त्यावर बोट ठेवून विचारी, ‘ही कोणासाठी?’ तिला द्यायला हिंगोलीत आवाज नव्हता. तो मी पुण्याहून आणला होता. एम.ए.ला असताना ग्रंथालयाच्या खिडकीत एक मुलगी बसायची. ‘आपलं कार्ड दाखवता का?’ एवढंच एक वाक्य ती मला दोन वर्षं म्हणाली. मला ‘आपलं’ म्हणणारी ती पहिली बाई. वाक्य सरकारी होतं हे मलाही कळत होतं. पण आवाज खालच्या पट्टीतला, स्वच्छ, कपाटातून नुकत्याच काढलेल्या सुती कपड्यासारखा. सांजवातीचं प्रत्येक अक्षर मी त्या खिडकीतून ऐकायचो. ती लग्न झालेली आहे, पुण्यात नोकरी करते आणि तिचं खरं नाव सुकन्या आहे, एवढंच मला ठाऊक होतं. माझ्याविषयी तिला तेवढंही ठाऊक नव्हतं. मी तिथं ‘तटस्थ’ होतो.

आणि आता ही पिवळ्या तोंडाची माणसं माझा आवाज मागत होती. मी त्यांना दिले तसा त्यांनीही मला एखादा देऊन ठेवलेला असणार, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तिथं जे मराठी लिहायचो त्याला कोथरूडचा पत्ता असल्यासारखा वास यायचा. तो मी कष्टानं आणला होता. पुण्यातल्या मेसमध्ये पहिल्याच आठवड्यात मी सहज ‘मी जेवून राहिलो’ म्हणालो आणि टेबलावरच्या चौघांनी ते पुढं वर्षभर म्हटलं. मी वाढायला मागितलं की, मी झोपलो की, मी प्रबंधाची तारीख विचारली की. ‘शिवहार काय करून राहिला?’ मी त्यांच्यावर रागावलो नाही, त्यांचं मराठी घेऊन परत आलो. वर्गात मी ते बोलतो. पोरं ते इंग्रजी समजून शांतपणे ऐकतात. घरी मात्र ते चालत नाही. माझी बायको अंजली कनेरगाव नाक्याच्या पलीकडची, वाशिमकडची. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मी तिला ‘आपण चहा घेणार का?’ म्हणालो तर तिनं मागं वळून कोण आलंय ते पाहिलं.

तरी मी प्रयत्न केला. रविवारी दार लावून, घरच्या टेपरेकॉर्डरवर कोरी कॅसेट घालून, माझ्या ‘दुपार’ नावाच्या लेखातला उतारा वाचला. ‘दुपारी घराला कोणाचीच गरज नसते. भिंती आपापल्या सावल्या आवरून बसतात.’ प्रत्येक शब्द मी इस्त्री करून उच्चारला होता. मग कॅसेट मागं फिरवून ऐकली. दगडोबा बोलत होता. दगडोबा म्हणजे माझा बाप. आखाडा बाळापूरच्या बाजारात शेळ्या विकायचा. शेळीचा जबडा उघडून ‘दात पहा, दात’ म्हणताना जसा शेवट लांबवायचा, तसाच मी ‘सावल्या’ लांबवला होता. बाप जाऊन दहा वर्षं झाली. त्याचा एकही फोटो धड नाही आणि आवाज मात्र असा माझ्याच गळ्यात जपून ठेवलेला. भिंती सावल्या आवरून बसल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये उभा राहून माझा बाप गिऱ्हाईक करत होता. दाराबाहेरून अंजली म्हणाली, ‘काहून मामंजीवानी बोलून राहिले? बरं न्हाई का वाटत?’ मी कॅसेट पुसली. पाठवलंच नाही तर काय होईल याचाही विचार केला. बाकीच्यांचं काही वाटलं नसतं. पण सांजवातीनं तेवढ्यात व्यनि पाठवला. व्यनि म्हणजे व्यक्तिगत निरोप. तिथली माणसं पत्रालासुद्धा नाव ठेवल्याशिवाय पाठवत नसत. ‘तुमचा आवाज मी कधीची मनात ठरवून ठेवलाय,’ तिनं लिहिलं होतं. ‘बघू, मी किती चुकते.’ म्हणजे तिनं तरी मला दगडोबाच्या आवाजात ऐकलेलं नव्हतं. ऐकलं असतं तर पुढं माझी एकेक टाचणी वाचताना तिला शेळीचे दात दिसले असते.

आमच्या गावात शुद्ध बोलणारा एकच माणूस आहे आणि तो रिक्षात असतो. म्हणजे तो नसतो, त्याची कॅसेट असते. हरिचंद. साड्यांचा सेल, सर्कस, निवडणूक, हरवलेली म्हैस आणि मयत, सगळं तो एकाच भारदस्त आवाजात सांगतो. मयतीला फक्त मागचं संगीत काढतो. हिंगोली, कळमनुरी, बाळापूर, पार वारंगा फाट्यापर्यंत त्याचा भोंगा जातो. मी वर्गात मागणी आणि पुरवठा समजावत असताना खिडकीखालून तो जायचा आणि पोरांना त्याचंच जास्त पटायचं. त्या आवाजाचा मला फार तिटकारा होता. त्यात गाव नव्हतं, जात नव्हती, बाप नव्हता. नेमकं तेच मला हवं होतं. मी गेलो तेव्हा कापडदुकानावरच्या त्याच्या खोलीत भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले होते आणि मधोमध मांडी घालून, गालात ज्येष्ठमधाची काडी धरून, हरिचंद बसला होता. माणूस एवढासा, आणि गर्व मात्र भोंग्याएवढा. ‘गळा जपावा लागतो सर,’ तो म्हणाला. ‘पब्लिकची अमानत हाय.’ मी त्याला माझा उतारा दिला. त्यानं तो दोनदा वाचला, उलटा करून मागं काही आहे का पाहिलं.

‘ह्याच्यात काय विकायचंय सर?’

‘काही विकायचं नाही. ललित आहे.’

‘मंग लोकायनं ऐकून काय करायचं?’

‘काही नाही. नुसतं ऐकायचं.’

‘बराबर,’ हरिचंद म्हणाला. ‘मयतीसारखं.’ आणि मागचं संगीत बंद केलं.

त्यानं वाचलं ते असं, की माझंच लेखन मला पहिल्यांदा आवडलं. मी लिहिताना जिथं हसलो होतो तिथं तो गंभीर झाला होता, आणि त्यामुळं तो उतारा थोर वाटत होता. मराठीत थोर वाटायला बहुधा एवढंच लागत असावं. प्रज्ञेशनं ती कॅसेट संगणकात उतरवली आणि वर चढवली; चढायला अख्खी दुपार लागली. ‘तुमचा आवाज न्हाई सर हा,’ तो म्हणाला. मी म्हणालो, ‘ध्वनिमुद्रणात बदलतो.’ त्यानं मान हलवली. संगणकाचा माणूस होता, सरांशी वाद घालत नसे.

आवाज चढले. निवांत किरटे निघाले. श्रीखंडाविषयी बोलताना मांजर अडकल्यासारखे. ओलसर माती इतक्या अमेरिकन नाकानं ‘अंगण’ म्हणाली की सुमनबाई तिच्यापुढं वेदपाठी वाटाव्यात. माझी सगळी माणसं खोटी ठरली. खरी त्याहून वाईट होती, याचं मला समाधान वाटायला हवं होतं, थोडं वाटलंही. सातवा आवाज मात्र सगळ्यांनी एकमुखानं ओळखला. ‘हा तटस्थच!’ ‘दुसऱ्या कोणाचा असूच शकत नाही!’ निवांतांनी विचारलं, ‘सदाशिव पेठेत नेमके कुठं राहता?’ आणि खाली आमच्या रस्त्यावरून तोच आवाज चालला होता, साड्यांचा सेल सांगत, आणि मी पडद्याकडं पाहत बसलो होतो. हे यश होतं. असं यश मला पुण्यातल्या मेसमध्ये मिळालं असतं तर मी कदाचित तिथंच राहिलो असतो आणि आज निवांतांच्या शेजारी बसून श्रीखंडावर लिहीत असतो. सांजवातीनं स्वतःचा आवाज पाठवला नव्हता. ‘घसा बसलाय’ म्हणाली होती. तिनं कोणाचाही ओळखला नाही. चौथ्या दिवशी तिचा व्यनि आला.

‘तटस्थ, तुमचा आवाज मी याआधी ऐकला आहे. मी मूळची आखाडा बाळापूरची. हे इथं कोणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाही नाही. चार वर्षांमागं घरून फोन आला, अण्णा सिरियस आहेत, निघून ये. मी रात्रभर प्रवास करून सकाळी वारंगा फाट्यावर उतरले. बाळापूरची जीप भरायची होती, मी चहा घेत उभी होते. समोरून एक रिक्षा आली, भोंगा लावलेली. “शेषराव यांचं दुःखद निधन झालं आहे, अंत्ययात्रा त्यांच्या राहत्या घरून निघेल.” असं मला कळलं. घरच्यांनी सगळ्यांनी खोटं सांगितलं होतं, ते मायेनंच. खरं मला तेवढं तुमच्या आवाजानं सांगितलं. तुम्ही अण्णांचं नाव इतकं सावकाश, नीट घेतलं होतं. ते नाव असं घेताना मी दुसऱ्या कोणाला ऐकलेलं नाही. म्हणजे तुम्ही पोटासाठी हे करता, आणि आम्हाला कधी बोलला नाहीत. मी मनात तुम्हाला एक खडूस, पुणेरी नाकाचा प्राध्यापक ठरवून ठेवलं होतं, माफ करा. आता तुमच्या लिहिण्यातलं ते थंडपण कुठून आलं ते समजतं. एकदा बोलाल का माझ्याशी? दुपारी मी ऑफिसात असते.’ खाली फोन नंबर.

पहिल्यांदा मला राग आला, तो फसवणुकीचा. तिनं केलेल्या. दोन वर्षं मी ज्या खिडकीसमोर कार्ड घेऊन उभा होतो, त्या खिडकीत बाळापूरची, आमच्याच बाजाराची बाई बसली होती. तिच्या अण्णांनी माझ्या बापाकडून शेळीसुद्धा घेतली असेल. तीही त्याच लाँड्रीतून मराठी इस्त्री करून आणत होती. मी तिची जुनी लेखनं पुन्हा उघडली, आणि आता त्यांना बाळापूरच्या बाजाराचा आवाज लावून वाचायला लागलो, म्हणजे ती एकदाची हास्यास्पद होतील आणि मी मोकळा होईन. ‘संध्याकाळी माहेरची आठवण येते असं नाही, माहेरी संध्याकाळी मी काय करत होते तेच आठवत नाही.’ हे वाक्य मी पूर्वी ग्रंथालयातल्या आवाजात ऐकलं होतं तेव्हा सुरेख वाटलं होतं. आता ते एका ओट्यावर बसून, तोंडातली सुपारी गालाला सारून म्हटल्यासारखं ऐकलं, आणि ते हास्यास्पद झालं नाही. उलट खरं झालं. प्रज्ञेश मागून म्हणाला, ‘सर, तकलीफ व्हायली का काही?’ माझे ओठ थांबलेले होते. बहुधा तेच त्याला वेगळं वाटलं.

मग मी हरिचंदाकडं गेलो. चार वर्षांपूर्वीचे बाळापूरचे शेषराव त्याला आठवतात का, विचारलं. ‘बाळापूरच्या मयती?’ तो म्हणाला. ‘लै केल्या सर. नाव तेवढं बदलायचं असतंय, बाकीचं तेच ऱ्हातंय.’ मी म्हणालो, त्यांचं नाव तू फार सावकाश घेतलं होतंस म्हणे. तो खूश झाला. काडी या गालातून त्या गालात नेली. ‘मयतीला मी कॅसेट जरा हळूच फिरवतो. ते टेक्निक हाय. काहून, कोणी रडलं का?’ मी हो म्हणालो. ‘बाई?’ हो. ‘मी बोलू का त्यायच्याशी?’ त्यानं आवाज तयार केला. मला वाटलं होतं की मी त्याला तुच्छ लेखतोय. पण तिथं त्या अंड्यांच्या ट्रेंमध्ये माझ्या ध्यानात आलं की त्या बाईच्या लेखी आता तोच तटस्थ होता, आणि मी कोणीच नव्हतो. मी पुन्हा लिहिलं तरी ती ते त्याच्याच आवाजात वाचणार. गप्प राहिलो तरी तोच गप्प राहील. माझी दोन वर्षांची बोचरी वाक्यं, ज्येष्ठमधाच्या काडीसकट, या मूर्खाच्या नावावर झाली होती. आणि ज्या एका आवाजानं तिला खरं सांगितलं होतं, तोच उसना घेऊन मी तिच्याशी खोटं बोललो होतो. याला उपाय एकच होता आणि तो मला मुळीच आवडत नव्हता.

मंगळवारी, बाजारच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत मी कॉलेजसमोरच्या एसटीडी बूथमध्ये शिरलो. घरून करायची सोय नव्हती. अंजलीनं मागं वळून पाहिलं असतं. ‘नमस्कार, मी तटस्थ’ असं सुरुवातीचं वाक्य मी पाठ केलं होतं, त्याची इस्त्रीही झाली होती. पलीकडं घंटी वाजली, आणि एक आवाज म्हणाला, ‘हां, बोला.’ तो खिडकीतला नव्हता. ओट्यावरचाही नव्हता. जाडसर, घाईतला, मागं टंकलेखनाची खडखड असलेला, जरा थकलेल्या बाईचा आवाज होता. मी दोन वर्षांत त्याच्या आसपासही गेलो नव्हतो. माझं वाक्य घशातच वळलं. ‘मी शिवहार बोलून राहिलो,’ दगडोबा म्हणाला. ‘हिंगोलीहून.’

‘कोण शिवहार?’

‘तटस्थ. ते... तटस्थ म्हणजे मीच. आवाज माझा नव्हता. रिक्षावाल्या हरिचंदाकडून वाचून घेतलं होतं. मी कॉलेजात शिकवतो. खडूस आहे. तुमचं आधीचंच बराबर होतं.’

मग ती म्हणाली, ‘मंग अण्णांचं नाव...’ तिच्या तोंडून ‘मंग’ आलं हे तिच्या लक्षात आलं नसावं. ‘तुम्ही न्हाई घेतलं.’

‘न्हाई.’

‘काहून केलं असं?’

याचं उत्तर माझ्याकडं होतं. मेस, टेबल, चौघं. ते सांगायला मी तोंड उघडलं आणि रस्त्याच्या टोकाकडून भोंगा आला. त्यात नवल काहीच नव्हतं, तो रोजच येतो. त्याच आवाजात, त्याच थोर गांभीर्यानं हरिचंद सांगत होता : ‘आपल्या हिंगोली शहरात प्रथमच! सोलापुरी चादरींचा भव्य महासेल! पक्क्या रंगाची शंभर टक्के गॅरंटी!’ मी बूथचं दार पायानं ओढून घेऊ लागलो.

‘थांबा,’ ती एकदम म्हणाली. ‘बोलू नका तुम्ही. तेच न ते?’

‘तेच.’

‘गप बसा जरा. ऐकू द्या.’

मला आजवर कोणी इतक्या स्पष्ट शब्दांत गप्प बसवलेलं नाही; विद्यापीठाच्या परीक्षक मंडळानंसुद्धा नाही. मी दार उघडलं आणि वायर ताणेल तेवढा रिसीव्हर रस्त्याकडं धरला. बाजारातून परतणाऱ्या शेळ्या आडव्या आल्या होत्या आणि रिक्षा त्यांच्यामागं अडकून माझ्यासमोरच थांबली. चादरी संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या. माझे दोन विद्यार्थी वडापाव खात उभे होते; मी सेलची जाहिरात पुण्याला ऐकवतोय हे त्यांना कळलं नसेल, पण काहीतरी कळलं असणार, कारण त्यांनी खाणं थांबवलं. हात दुखायला लागला. मी तो खाली घेतला नाही. सिंगल, डबल, उशांचे अभ्रे, सगळं सावकाश, नीट. मग शेळ्या हलल्या आणि भोंगा वळणावर बारीक होत गेला.

मी रिसीव्हर कानाला लावला. खडखड चालूच होती. त्याच्या अलीकडं श्वास होता, नाक ओढल्याचा आवाज होता. माझ्याकडं म्हणण्यासारखं जे होतं ते इस्त्रीचं होतं.

‘हॅलो,’ ती म्हणाली. ‘हाव का तुमी?’

‘हाव.’

‘त्या चादरी... रंग जातो का त्यायचा?’

अंजलीनं गेल्याच आठवड्यात त्याच सेलमधून एक आणली होती, आणि पहिल्याच धुण्यात आमची सगळी न्हाणी लाल झाली होती.

‘जातो,’ मी म्हणालो.